न मागितलेल्या ईमेलचा खर्च कुणी सोसायचा?

२००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या काही संशोधकांनी स्पॅमचा धंदा आतून पाहायचं ठरवलं. त्या काळात 'स्टॉर्म' नावाचं एक बोटनेट जगभर पसरलं होतं. बोटनेट म्हणजे व्हायरसने मालकाच्या नकळत ताब्यात घेतलेल्या असंख्य कॉम्प्युटरांची फौज. मालकाला वाटतं, मशीन जरा मंद झालंय. आत मात्र ते मशीन रात्रंदिवस कुणाच्या तरी जाहिराती पाठवत असतं. संशोधकांनी या फौजेला मिळणाऱ्या हुकमांच्या साखळीत शिरकाव केला, औषधांच्या जाहिरातींतल्या लिंका बदलून त्या स्वतः उभारलेल्या निरुपद्रवी दुकानाकडे वळवल्या आणि मोजणी केली. २६ दिवसांत सुमारे ३५ कोटी मेल निघाले. त्यांतले तीन चतुर्थांशांहून जास्त समोरच्याच्या सर्व्हरपर्यंत पोचलेच नाहीत. साडेदहा हजार लोकांनी लिंक उघडून दुकान पाहिलं. खरेदीच्या टप्प्यापर्यंत गेले फक्त २८ जण.

मला हा विषय समजावून सांगायचा असतो तेव्हा मी नेहमी या २८ माणसांपासून सुरुवात करतो. कागदाची पत्रकं छापून, तिकीट लावून टपालाने पाठवणाऱ्या कुठल्याही व्यापाऱ्याला असा प्रतिसाद मिळाला असता तर तो पहिल्याच आठवड्यात देशोधडीला लागला असता. ईमेलमध्ये तसं होत नाही, कारण पाठवणाऱ्याला एक मेल पाठवायला जेवढा खर्च येतो, जवळपास तेवढ्यातच दहा लाख मेल जातात. खर्च होतोच, पण तो दुसऱ्यांच्या खिशातून. मेल वाहून नेणाऱ्या कंपन्या, तो साठवणारे सर्व्हर, तो गाळणारे फिल्टर आणि शेवटी तो उघडून, वैतागून पुसून टाकणारा माणूस, हे सगळे मिळून त्या २८ गिऱ्हाइकांचा खर्च भरतात. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ही म्हण इथे शब्दशः लागू पडते.

२०१२ मध्ये जस्टिन राव आणि डेव्हिड रायली या दोन अर्थतज्ज्ञांनी याचा हिशेब मांडला. स्पॅममुळे अमेरिकेतल्या कंपन्यांना आणि ग्राहकांना वर्षाला सुमारे २० अब्ज डॉलरचा भुर्दंड पडतो, आणि स्पॅम पाठवणाऱ्यांच्या आणि त्यात जाहिरात करणाऱ्यांच्या हाती जगभरातून मिळून येतात सुमारे २० कोटी डॉलर, असा त्यांचा अंदाज होता. एक रुपया कमावण्यासाठी दुसऱ्यांचे शंभर रुपये जाळायचे, असं हे प्रमाण आहे. कारखान्याच्या धुराचं अर्थशास्त्र साधारण असंच असतं. नफा एकाचा आणि खोकला सगळ्या गावाला. म्हणून सरकारने यात पडावं का, या प्रश्नाकडे मी आधी खर्चाचा प्रश्न म्हणून पाहतो. बोलण्याच्या हक्काचा प्रश्न त्यात आहेच, आणि तो गंभीर आहे. त्याकडे पुढे येतो.

नाव कुणाचंही लिहा

ईमेलला ही खोड कशी लागली हे थोडं समजून घ्यावं लागेल.

एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर मेल कसा द्यायचा याचे जे नियम आजही पायाला आहेत, ते जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहून काढले. त्या वेळी जाळ्यावर मोजकी विद्यापीठं, संशोधन संस्था आणि लष्करी कार्यालयं होती. बहुतेक जण एकमेकांना ओळखत. त्यामुळे पाठवणाऱ्याचं नाव खरं आहे की नाही हे तपासायची सोय त्या नियमांत ठेवलीच नव्हती. पाकिटाच्या मागे प्रेषक म्हणून कुणाचंही नाव लिहिता येतं, तसंच. गंमत अशी की याच पोस्टेल यांनी १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये नको असलेल्या निरोपांबद्दल एक छोटं टिपण लिहिलं होतं. एखादा कॉम्प्युटर नको ते निरोप पाठवू लागला तर ते नाकारायची सोय समोरच्याकडे हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. दुखणं पुरतं उद्भवण्याआधीच निदान झालेलं होतं.

तीन वर्षांत ते उद्भवलंही. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कॉम्प्युटर कंपनीच्या विक्री विभागातल्या एका माणसाने नव्या मशीनच्या प्रात्यक्षिकांचं आमंत्रण अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वरूपावरच्या सुमारे ४०० लोकांना एकाच वेळी पाठवलं. तक्रारी झाल्या आणि कंपनीला समज मिळाली. अर्पानेट अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं होतं आणि ते सरकारी कामापुरतंच वापरायचं हा नियम होता. म्हणजे अनाहूत जाहिरातीच्या पहिल्या मेलवर कारवाई सरकारनेच केली. सरकारने नियमन करावं का हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही, कारण जाळंच सरकारचं होतं. नव्वदच्या दशकात इंटरनेट व्यापाराला खुलं झालं आणि ते बंधन गळून पडलं. त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेतल्या दोन वकिलांनी ग्रीन कार्डच्या सोडतीची आपली जाहिरात युजनेटच्या हजारो चर्चागटांवर एकदम टाकली, तेव्हा लोक प्रचंड संतापले. पण ते दोघे मागे हटले नाहीत. मोफत जाहिरातीची वाट सापडली होती.

सुरुवातीला कंपन्यांनी जुन्याच कायद्यांनी लढून पाहिलं. १९९७ मध्ये कॉम्प्युसर्व्ह या ऑनलाइन सेवा देणाऱ्या कंपनीने एका स्पॅम कंपनीविरुद्ध अमेरिकी न्यायालयात असं मांडलं की आमचे सर्व्हर ही आमची मालमत्ता आहे आणि परवानगीशिवाय त्यांचा वापर म्हणजे अतिक्रमण. न्यायालयाने ते मानलं. पण २००३ मध्ये इंटेलच्या एका माजी कर्मचाऱ्याचं प्रकरण कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याने कंपनीवर टीका करणारे सहा मेल तिथल्या हजारो कर्मचाऱ्यांना पाठवले होते. न्यायालय म्हणालं, सर्व्हरला इजा झालेली नाही, तेव्हा हे अतिक्रमण नव्हे. मला हा निकाल योग्य वाटतो. त्यातून हेही कळतं की कुंपण आणि शेत यांच्यासाठी घडवलेला कायदा इनबॉक्सला बसत नाही. नुकसान यंत्राचं होत नाही, माणसाच्या वेळेचं होतं.

एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी

स्पॅमवरच्या वादात निम्मा गोंधळ शब्दाने होतो. लोक ज्याला स्पॅम म्हणतात त्यात किमान तीन प्रकार मिसळलेले असतात.

पहिला, सरळ फसवणूक. बँकेच्या नावाने पासवर्ड मागणारे, लॉटरी लागल्याचं सांगणारे, बनावट औषधं विकणारे. हे पाठवणारा स्वतःचं नाव लपवतो, बहुधा दुसऱ्या देशात बसलेला असतो आणि त्याचा उद्योग मेलशिवायही गुन्हाच आहे. दुसरा प्रकार म्हणजे खऱ्या, नोंदणीकृत कंपन्यांचे पिच्छा न सोडणारे जाहिरातीचे मेल. एकदा काहीतरी विकत घेतलं, किंवा तेही नाही, नुसता कुठल्याशा फॉर्मवर पत्ता दिला, आणि तेव्हापासून रोज सवलती, आठवणी, 'आम्हाला तुमची आठवण येते' अशी पत्रं. तिसऱ्या प्रकारात विक्रीला काहीच नसतं. राजकीय पक्षांचे, संस्थांचे, धर्मप्रसाराचे, मोहिमांचे मेल.

सरकारी नियमनाची खरी चर्चा दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. पहिल्यासाठी पोलीस आणि तंत्रज्ञान लागतं. तिसऱ्याला हात लावताना फार जपावं लागतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते इथेच, तिन्ही प्रकारांना एकच काठी लावली की.

हो म्हणेपर्यंत नको, की नको म्हणेपर्यंत हो?

दुसऱ्या प्रकारावर जगात दोन मुख्य पद्धतींचे कायदे आहेत, आणि या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं झालं तर ते हा फरक ठेवावा.

पहिली पद्धत अमेरिकेची. तिथला केंद्रीय कायदा डिसेंबर २००३ मध्ये झाला आणि १ जानेवारी २००४ पासून लागू झाला. त्यानुसार कंपनी तुम्हाला न विचारता जाहिरातीचा मेल पाठवू शकते. मात्र प्रेषकाचं नाव आणि विषयाची ओळ फसवी नसावी, मेलमध्ये कंपनीचा खरा टपालपत्ता असावा, नकार कळवायची चालती सोय असावी, आणि नकार मिळाल्यावर कामाच्या दहा दिवसांत मेल थांबले पाहिजेत. म्हणजे पहिला घास कंपनीचा. नको म्हणायची जबाबदारी तुमची.

दुसरी पद्धत युरोपीय संघाची. २००२ च्या निर्देशानुसार व्यक्तीला जाहिरातीचा मेल पाठवण्याआधी तिची संमती हवी. एक सवलत आहे: ग्राहकाने आधी काही विकत घेतलं असेल आणि तेव्हाच पत्ता दिला असेल, तर तीच कंपनी तशाच प्रकारच्या वस्तूंबद्दल त्याला लिहू शकते, पण पत्ता घेताना आणि पुढे प्रत्येक मेलमध्ये नकाराची सोय द्यावी लागते. ऑस्ट्रेलियाने २००३ मध्ये केलेला कायदा संमतीचाच आहे. कॅनडाचा १ जुलै २०१४ पासून लागू झाला आणि तो बराच कडक आहे. कंपनीला १ कोटी कॅनेडियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, आणि संमती होती हे सिद्ध करण्याचा भार पाठवणाऱ्यावर आहे.

अमेरिकेच्या पद्धतीच्या बाजूने जे म्हटलं जातं ते उडवून लावण्यासारखं नाही. नव्या, लहान व्यापाऱ्याला गिऱ्हाईक शोधायचं असतं. त्याच्याकडे टीव्हीवर जाहिरात देण्याइतके पैसे नसतात. त्याने एकदा नम्रपणे एक मेल पाठवला, आवडला नाही तर पुन्हा पाठवू नका म्हटलं, तो थांबला, तर बिघडलं कुठे? एकट्या व्यापाऱ्यापुरतं पाहिलं तर काहीच बिघडलं नाही.

पण जरा गुणाकार करून पाहू. समजा जगात २ कोटी व्यवसाय आहेत, आणि त्यांतल्या शंभरातल्या एकानेच तुम्हाला वर्षातून एकदाच असा नम्र मेल पाठवला. तेच झाले २ लाख मेल. रोजचे जवळपास साडेपाचशे. प्रत्येकाला नकार कळवायला दहा सेकंद धरली तरी रोजचा दीड तास नुसता नको म्हणण्यात गेला. यात कुणीही नियम मोडलेला नाही. ही पद्धत सगळ्यांनी वापरली नाही म्हणूनच आजवर निभावली आहे. जो नियम सगळ्यांनी पाळला तर कोसळतो, तो नियम मुळात चुकलेला आहे असं मी मानतो. म्हणून माझा कौल संमतीच्या बाजूने आहे.

अमेरिकेच्या कायद्याची आणखी एक बाजू कमी सांगितली जाते. कॅलिफोर्नियाने २००३ मध्ये स्वतःचा संमतीवर आधारलेला कायदा केला होता. त्यात सामान्य माणसाला एका मेलमागे हजार डॉलरपर्यंत भरपाई मागायचा हक्क होता. तो लागू होणार होता त्याच दिवशी केंद्रीय कायदा लागू झाला आणि त्याने राज्यांचे असे कायदे झाकोळून टाकले. फसवणुकीपुरतेच काय ते राज्यांच्या हाती राहिले. शिवाय केंद्रीय कायद्यात मेल मिळालेल्या व्यक्तीला स्वतः दावा लावायची मुभा नाही. ती सरकारी यंत्रणांना आणि इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांना आहे. म्हणजे नियमन आलं, आणि त्यानेच आधीपेक्षा कडक नियमन मोडीत काढलं. 'सरकारने नियम करावेत का' या प्रश्नाला नुसतं हो म्हणणारे लोक हे विसरतात की नियम लिहिले जात असताना खोलीत कोण बसलेलं असतं यावर बरंच ठरतं.

संमती म्हणजे काय, हेही कायद्याला नीट सांगावं लागतं. फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत, आधीच टिक करून ठेवलेला चौकोन, ही संमती म्हणायची का? युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या डेटा संरक्षण नियमांनुसार नाही. माणसाने स्वतः काहीतरी करून हो म्हटलं पाहिजे. मला स्वतःला एका सेवेचे मेल बंद करायला तिचा विसरलेला पासवर्ड नव्याने मिळवून लॉग-इन करावं लागलं होतं, आणि आत गेल्यावर सतरा वेगवेगळ्या प्रकारच्या मेलसाठी सतरा बटणं दिसली. हो म्हणायला एक टिचकी आणि नाही म्हणायला अर्धा तास. जितक्या सहज संमती दिली तितक्याच सहज ती काढून घेता यावी, हेही त्या युरोपीय नियमांत लिहिलेलं आहे. छोटं वाक्य आहे, पण माझ्या मते सगळ्या कायद्यातलं सर्वांत उपयोगी.

बोलण्याचा हक्क

आता सर्वांत वजनदार आक्षेप. जाहिरात हेही बोलणंच आहे. आज सरकारने जाहिरातीचे मेल अडवले, उद्या टीकेचे अडवील. सरकारच्या हाती हे हत्यार द्यावंच कशाला?

ही भीती काल्पनिक नाही. भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ६६-अ हे कलम आलं. त्यातला एक भाग नेमका ईमेलबद्दल होता: त्रास किंवा गैरसोय व्हावी म्हणून पाठवलेला, किंवा कुणी पाठवला याबद्दल दिशाभूल करणारा मेल हा गुन्हा, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत. वाचताना वाटतं, स्पॅमविरुद्ध चांगली तरतूद आहे. प्रत्यक्षात हे कलम लोकांनी ऑनलाइन मांडलेल्या मतांविरुद्ध वापरलं गेलं. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते सगळंच रद्द केलं. 'त्रास' आणि 'गैरसोय' हे शब्द इतके सैल आहेत की त्यांत काहीही बसवता येतं, हे त्यामागचं एक मुख्य कारण.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात उलट्या बाजूने तेच झालं. तिथे एका मोठ्या स्पॅमरला २००४ मध्ये दोषी ठरवून नऊ वर्षांची शिक्षा झाली होती. २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच घटनाबाह्य ठरवला, कारण नाव लपवून मोठ्या संख्येने पाठवलेला कुठलाही मेल त्याच्या कचाट्यात येत होता. राजकीय आणि धार्मिक मजकुराचासुद्धा. सत्तेविरुद्ध निनावी पत्रक काढणारा आणि बनावट माल विकणारा यांत त्या कायद्याला फरकच करता येत नव्हता. ढिसाळ लिहिलेल्या कायद्याने स्पॅमर सुटला.

मग वाट कुठली? मला ती १९७० च्या एका जुन्या निकालात दिसते, ईमेल घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधीच्या. अमेरिकेत एक कायदा होता की घरमालकाने टपाल खात्याला कळवलं तर अमुक एका व्यापाऱ्याचं टपाल त्याच्या घरी येणं बंद करता येईल. व्यापारी न्यायालयात गेले. आमच्या बोलण्याच्या हक्कावर गदा येते म्हणाले. सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. ऐकायची इच्छा नसलेल्याच्या दारापाशी बोलणाऱ्याचा हक्क संपतो, असा त्याचा आशय. या निकालातली खुबी अशी की टपालात काय आहे, ते चांगलं की वाईट, हे सरकारने ठरवायचंच नव्हतं. ठरवणार घरमालक. सरकारचं काम फक्त त्याचा शब्द पाळला जातो की नाही हे बघण्याचं.

ईमेलचा कायदाही असाच हवा. मजकूर तपासणारा कायदा सेन्सॉर होतो. परवानगी तपासणारा कायदा दाराची कडी होतो. कॅनडाच्या कायद्याला याच मुद्द्यावर आव्हान दिलं गेलं होतं. व्यावसायिक प्रशिक्षण देणाऱ्या एका कंपनीला २०१५ मध्ये संमतीविना मेल पाठवल्याबद्दल ११ लाख डॉलरची दंडाची नोटीस आली. पुढे तो दंड २ लाखांवर आला, तरी कंपनी लढत राहिली. २०२० मध्ये तिथल्या फेडरल अपील न्यायालयाने सांगितलं की या कायद्याने अभिव्यक्तीवर मर्यादा येते हे खरं, पण ती समर्थनीय आहे.

पकडायचं कुणाला?

कायदा केला म्हणजे स्पॅम थांबतो असं मानणाऱ्यांची निराशा ठरलेली आहे. जानेवारी २००४ मध्ये बिल गेट्स यांनी दावोसला दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल असं भाकीत केलं होतं. त्यानंतर दोन दशकं उलटली. जगात फिरणाऱ्या मेलपैकी जवळपास निम्मे अजूनही स्पॅमच असतात.

काही उपाय तर उलटे पडले असते. फोनसाठी जशी 'मला कॉल करू नका' अशी यादी असते तशी ईमेलसाठी करावी का, हे तपासायला अमेरिकी संसदेने तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला सांगितलं होतं. जून २००४ मध्ये कमिशनने अहवाल दिला: करू नका. चालू असलेल्या, खऱ्या पत्त्यांची एवढी मोठी यादी म्हणजे स्पॅमरसाठी खजिना. ती करायची म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्यायच्या. सरकारी संस्थेने असं स्पष्टपणे नाही म्हणणं मला फार आवडलं.

पैसे लावण्याचीही कल्पना होती. १९९२ मध्ये सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी सुचवलं की प्रत्येक मेल पाठवण्याआधी कॉम्प्युटरला एक छोटं गणित सोडवायला लावावं. एका मेलला ते जाणवणार नाही, दहा लाख मेलला परवडणार नाही. विचार सुंदर आहे, आणि पुढे बिटकॉइनची रचना याच जातीच्या गणितांवर उभी राहिली. ईमेलमध्ये ती टिकली नाही, कारण बोटनेटवाल्याला गणित स्वतःच्या मशीनवर सोडवावं लागत नाही. तिथेही बिल दुसऱ्याच्याच नावावर.

मग काय चाललं? ११ नोव्हेंबर २००८ रोजी कॅलिफोर्नियातल्या मॅककोलो नावाच्या, सर्व्हर भाड्याने देणाऱ्या एका होस्टिंग कंपनीचं इंटरनेट कनेक्शन तिला ते पुरवणाऱ्या कंपन्यांनी तोडलं. अनेक बोटनेटांना हुकूम देणारे सर्व्हर तिथे होते. त्याच दिवशी जगभरातला स्पॅम निम्म्याहून कमी झाला. काही महिन्यांत तो परत वाढला हे खरं. पण इतका मोठा धंदा एका इमारतीतल्या काही तारांवर उभा असू शकतो हे त्या दिवशी दिसलं. २०११ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासात पैशाचा माग काढला गेला. स्पॅममधून जाहिरात होणारी औषधं, नकली घड्याळं, सॉफ्टवेअर यांची संशोधकांनी खरोखरच खरेदी केली आणि कार्डाचे पैसे कुठे जातात ते पाहिलं. ९५ टक्के व्यवहार मूठभर बँकांमधून जात होते. पाठवणारे लाखो मशीनच्या आड लपू शकतात, पण पैसे घ्यायला कुठल्यातरी बँकेच्या खिडकीशी यावंच लागतं. माझ्या मते सरकारने पहिल्या प्रकारच्या, फसव्या स्पॅममागे जायचं ते या खिडकीतून. मेलमागे धावण्यात वर्षं गेली आहेत.

दुसऱ्या प्रकारच्या कंपन्यांना मात्र पत्ता असतो, बँक खातं असतं, अब्रू असते. तिथे दंड लागू पडतो. पण तो लावला पाहिजे. अमेरिकेच्या कायद्याखाली ट्रेड कमिशनने मिळवलेला तोवरचा सर्वांत मोठा दंड २०२४ मध्ये एका सुरक्षा-कॅमेरा कंपनीला झाला: २९.५ लाख डॉलर. कायदा लागू झाल्यावर २० वर्षांनी.

फिल्टर हेही सरकारच

'सरकार कशाला, फिल्टर आहेत की,' असं मला बरेच जण म्हणतात. फिल्टर खरंच उत्तम झाले आहेत. जीमेल रोज सुमारे १५ अब्ज नको असलेले मेल अडवतं, असं गूगल सांगतं. ते थांबले तर आपला इनबॉक्स एका दिवसात निकामी होईल.

पण फिल्टर म्हणजे नियमच, आणि ते करणारे कुणीतरी आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांवर अटी घातल्या. जीमेलला दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्याने आपली ओळख तांत्रिकदृष्ट्या सिद्ध केली पाहिजे, जाहिरातीच्या मेलमध्ये एका टिचकीत बाहेर पडायची सोय दिली पाहिजे, आणि स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवलं पाहिजे. अटी चांगल्या आहेत. मी त्यांचं स्वागतच केलं. एका टिचकीची जी सोय संसदांना वीस वर्षांत सक्तीची करता आली नाही ती दोन कंपन्यांनी करून दाखवली. तरीही मनात एक टोचणी राहते. एखाद्या शाळेचा, छोट्या संस्थेचा, स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्या माणसाचा खरा मेल या चाळणीत अडकला तर तो कुणाकडे दाद मागणार? फिल्टर का अडवतो हे उघड सांगता येत नाही, कारण सांगितलं की स्पॅमरलाही कळतं. अमेरिकेतल्या रिपब्लिकन पक्षाने २०२२ मध्ये गूगलवर दावा लावला की आमचे मेल मुद्दाम स्पॅममध्ये टाकले जातात. २०२३ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. पक्षाचं म्हणणं खरं की खोटं यापेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं की एवढ्या बलाढ्य पक्षालाही चाळणीच्या आत काय चालतं हे पाहता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की नियमन आहेच, प्रश्न एवढाच की ते सगळं खाजगी चाळणीवर सोडायचं की त्यातला काही भाग उघड्यावर, न्यायालयात आव्हान देता येईल अशा कायद्यात ठेवायचा. मला कायदा हवा आहे. संमती आधी घेणारा, मजकुराला हात न लावणारा, नकार एका टिचकीत मानणारा, आणि मेल मिळालेल्या माणसाला स्वतः दाद मागू देणारा. या शेवटच्या गोष्टीची भीती कायदे करणाऱ्यांना फार वाटते. कॅनडाच्या कायद्यात ती होती. २०१७ मध्ये लागू होणार तेवढ्यात सरकारने ती स्थगित केली.

तोवर हाती असलेलं करावं. मेल ओळखीच्या, खऱ्या कंपनीचा असेल तर अनसबस्क्राइब दाबावं. अनेक देशांत त्यानंतर थांबणं तिला बंधनकारक आहे. पाठवणारा अनोळखी किंवा संशयास्पद असेल तर त्यातली कुठलीच लिंक उघडू नये, कारण तुमच्या टिचकीने त्याला एवढंच कळतं की हा पत्ता जिवंत आहे. अशा मेलवर स्पॅमची खूण करावी. आणि थांबवूनही न थांबणाऱ्या कंपनीची तक्रार, जिथे नियामक असेल तिथे, नक्की करावी. ११ लाखांची नोटीस गेलेल्या त्या कॅनेडियन कंपनीविरुद्धची चौकशीही कुणीतरी कंटाळून, पण वेळ काढून नोंदवलेल्या अशाच तक्रारींच्या आधाराने झाली होती.